मार्सेलताईंच्या आईची जागा

अमेरिकेतल्या घरांच्या खिडक्यांना बाहेरून दोन्ही बाजूंना लाकडी झडपा असतात. त्या खोट्या असतात, हे मला पहिल्या वर्षी माहीतच नव्हतं. भिंतीवर खिळे मारून बसवलेल्या, नुसत्या शोभेच्या. मी आमच्या मिलिंदला म्हटलं, "अरे, रात्री या लावून घेत जा की, गारठा कमी येईल," तर तो हसतच सुटला. "आई, त्या हलत नाहीत गं. डेकोरेशन आहे ते." आमच्या अख्ख्या गल्लीत तशाच होत्या. खऱ्या झडपा फक्त एका घराच्या, अगदी आमच्या समोरच्या. दिवस कलला की त्या घरातून एक ठेंगणी, वाळक्या अंगाची म्हातारी कोट घालून बाहेर यायची आणि घराला फेरी मारत एकेक झडप ओढून कडी घालायची. तिथल्या खिडक्यांना जाळी असते, आतून हात जात नाही, म्हणून बाई बाहेरून कडी घालायची. आता सांगा, बाहेरून कडी! चोर आला तर त्याची सोयच की.

पुढे ओळख झाल्यावर मी हे त्यांना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "चोरासाठी नाही लावत मी. रात्रीसाठी लावते. रात्रीनं आत बघू नये."

त्या आमच्या मार्सेलताई. ताई हे नाव मी लावलेलं. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या, नुसतं नावानं हाक मारायला माझी जीभ वळेना. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांना बहीण नव्हती. तेव्हापासून दुसरं काही म्हटलं की ओ द्यायच्या नाहीत.

गाव स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनियातलं. डोंगरांच्या मधल्या सपाटीवर वसलेलं विद्यापीठाचं गाव. मिलिंद तिथं विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात, आणि सून अनघा मातीवर संशोधन करणारी. हो, मातीवर. लोकांना आधी खरंच वाटत नाही. आमचे हे गेल्यावर २००२ सालापासून मी दर वर्षी सहा महिने तिकडे जायला लागले. उन्हाळा लागला की जायचं, थंडी पडायच्या आत संगमेश्वरला परत यायचं. शिक्षण माझं सातवी. इंग्रजी जे काही येतं ते अर्धं टीव्हीनं शिकवलं आणि अर्धं मार्सेलताईंनी. त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं संगमेश्वरी वळणाचं. दोघींचं बोलणं तिसऱ्याला कळायचं नाही, आम्हाला मात्र सगळं कळायचं.

पहिली भेट सांगते. सप्टेंबर संपत आला की तिथल्या प्रत्येक दुकानाबाहेर शेवंतीच्या कुंड्यांचे ढीग लागतात. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! परक्या मुलखात शेवंती म्हणजे माहेरचं माणूस भेटल्यासारखं. मी पिवळीधमक कुंडी घेतली आणि समोरच्या बाईंशी ओळख करावी म्हणून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी दार उघडलं. कुंडी पाहिली. त्यांचा चेहराच उतरला. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "कोण गेलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही गेलं. तुमच्यासाठी आणलीय."

"माझ्यासाठी?" त्या मागे सरकल्या. "इतक्यात?"

त्यांच्या देशात शेवंती फक्त थडग्यावर ठेवतात. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला सगळं गाव शेवंतीच्या कुंड्या घेऊन स्मशानात जातं. जिवंत माणसाला शेवंती दिली म्हणजे आपण त्याच्या फोटोला हारच घातल्यासारखं. मी बापडी शरमून गेले. म्हटलं, आमच्यात बायका केसात माळतात हो, देवाला वाहतात. "केसात!" असं म्हणून त्या एवढ्या हसल्या की दाराला धरून खालीच बसल्या. मग कॉफी झाली. कुंडी काही त्यांनी घरात घेतली नाही, पायरीवरच ठेवली, पण रोज पाणी घालायच्या. म्हणायच्या, "तिचा काय दोष?"

त्यांचं गाव व्हालब्रून. नकाशात शोधू नका, अनघाला कॉम्प्युटरवर शोधायलाही वेळ लागला. फ्रान्सच्या पोटात, डोंगराळ, गरीब मुलखात. राय नावाचं काळपट धान्य, चेस्टनटची रानं आणि मेंढ्या, एवढंच पिकायचं. पुरुषमाणसं गवंडी. थंडी सरली की सगळे पॅरिसला कामाला जायचे ते पुढच्या थंडीतच परत. गावात मागे बायका, म्हातारे आणि पोरं. मी म्हटलं, अहो, हे तर आमच्या कोकणातलंच झालं, आमचे चाकरमानी मुंबईला जायचे. मार्सेलताईंना हे इतकं आवडलं, की रॉबर्टला, म्हणजे त्यांच्या ॲरिझोनातल्या मुलाला, फोनवर सांगितलं, "समोरची बाई माझ्याच गावची आहे."

त्या गावाचे रस्ते मला हळूहळू पाठ झाले. चौक, चौकात चर्च, चर्चच्या बाजूनं उतरणारी फरसबंदी गल्ली, खाली ओढा आणि ओढ्यावर छप्पर घातलेली धुण्याची जागा. तिथं बायका गुडघ्यांवर बसून कपडे आपटायच्या. पलीकडे गिरणी. गिरणीवरून वर चढलं की स्मशान, दगडी भिंतीच्या आत. आभाळ काळं झालं की चर्चची घंटा वाजवायचे, गारांचा ढग फुटून बाजूला जावा म्हणून. "जायचा?" मी विचारलं. "कधी कधी. पण घंटा वाजवली नाही आणि गारा पडल्या, तर वाजवणाऱ्याला गाव काय म्हणेल?"

मार्सेलताईंचा सगळा स्वभाव या एका उत्तरात होता. काळजी हा त्यांचा धर्म. घरातून निघताना इस्त्रीला हात लावून बघायच्या, गेले आठ दिवस इस्त्री केलेली नसली तरी. जेवायच्या वेळी फोन वाजला की हातातला काटा खाली ठेवून आधी छातीवर क्रूसाची खूण करायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "ताई, किती काळजी करता?" तर म्हणाल्या, "आमच्याकडे बायकांचं ते कामच होतं. पुरुष पॅरिसमध्ये परांचीवर चढायचे, आम्ही इकडे काळजी करायचो. कुणीतरी करायला नको? माझी आई चुलीपुढे बसून माझ्या बापाच्या परांचीची एकेक दोरी मनात तपासायची. तो म्हातारा होऊन अंथरुणात मेला. मग? उपयोग झाला की नाही?"

पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर लागला. बारीकसारीक काळज्या त्या रोज करायच्या, मोठी मात्र कपाटात बंद करून ठेवायच्या. मोठ्या गोष्टीचा विषय निघाला की खांदे उडवून म्हणायच्या, "ऑन व्हेरा." म्हणजे, बघू.

त्या अमेरिकेत आल्या त्याही एका 'बघू'वरच. त्यांच्या गावची जुनी चर्चं बघायला एक अमेरिकन प्रोफेसर बायकामुलांसकट येऊन राहिला होता. मार्सेलताई त्याची मुलं सांभाळायच्या. तो परत निघाला तेव्हा म्हणाला, वर्षभर चल आमच्याबरोबर. आईनं विचारलं, "वर्षानं येशील ना?" या म्हणाल्या, "बघू." वर्षाच्या आत वॉल्टर भेटला. सुतार होता, फार शांत माणूस. त्या खऱ्या झडपा त्यानंच बायकोसाठी केलेल्या. मग रॉबर्ट झाला. मग आई गेली, आणि या पोचेपर्यंत माती झालेली होती. हे सांगताना त्या कपबशा पुसत होत्या. पुसलेली कपबशी पुन्हा पुसत होत्या.

मी ऐकून घेतलं. पण माझं मन त्या आईकडेच ओढ घेत होतं, कारण मी तिच्याच जागेवरची. मिलिंदही दोन वर्षांसाठीच गेला होता.

२००६ सालच्या ऑगस्टातली गोष्ट. सकाळी मी चहा घेऊन खिडकीशी बसले, तर समोरच्या झडपा बंद. आठ वाजले, नऊ वाजले, तरी बंदच. मिलिंद आणि अनघा कामावर गेलेले. तशीच उठले, रस्ता ओलांडला, दार ठोठावलं. बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज आला, "उघडंच आहे."

स्वयंपाकघरात अंधार, आणि मार्सेलताई टेबलाशी कोट घालून बसलेल्या. पायात बूट. जणू कुणी न्यायला येणार आहे.

"ताई, बरं नाही का? डॉक्टरला फोन करू?"

"माझ्या आईला घराबाहेर काढतायत," त्या म्हणाल्या.

मला आधी काहीच उमजेना. मग एकेक करत बाहेर आलं. तिकडे म्हणे थडग्याची जागा कुटुंबाच्या नावावर असते, पण वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही, शेवाळ चढलं, दगड कलला, की गावची कचेरी तिथं पाटी लावते : ही जागा बेवारस दिसते, नातेवाइकांनी भेटावं. काही वर्षं वाट बघतात. नाही कुणी आलं, तर हाडं काढून सगळ्यांच्या सामाईक तळघरात ठेवतात आणि जागा मोकळी करतात. मार्सेलताईंच्या आईचं थडगं एक चुलत भाऊ बघायचा. तो वारला. पाटी लागली. ते त्यांना त्यांच्या शाळेतल्या मैत्रिणीनं, इव्होननं, केव्हाच कळवलं होतं. दर रविवारी तिचा फोन यायचा. आणि या म्हणाल्या होत्या, ऑन व्हेरा. आता काल इव्होन म्हणाली, कचेरीची माणसं टेप घेऊन स्मशानात हिंडतायत, चेस्टनट पडायला लागले की, म्हणजे पानगळीत, निकाल लावणार.

"मग कचेरीत फोन करा ना! आत्ता करा!" मी म्हटलं.

"फोनवर नाही म्हणणं सोपं असतं, सुशीला. दारात उभ्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आमच्याकडे कामं दारात उभं राहून होतात."

"अहो, पण निदान विचारा तरी."

त्या अगदी हळू म्हणाल्या, "आणि 'संपलं' म्हणाले तर?"

तेवढ्यासाठी त्या फोन करत नव्हत्या. आणि स्वतः जाऊही शकत नव्हत्या, कारण हृदय दुबळं होतं, डॉक्टरांनी विमान बंद केलेलं. रॉबर्टला सांगितलं तर तो म्हणाला, "मॉम, तो एक दगड आहे. सोड ना." वाईट नव्हता मुलगा, पण त्यानं आजी पाहिलीच नव्हती.

मी घरी येऊन जेवायच्या वेळी हे सांगितलं. अनघा घास तसाच हातात धरून म्हणाली, "मी सप्टेंबरमध्ये फ्रान्सला, लियोंला जातेच आहे की, कॉन्फरन्सला. तिथून ट्रेननं किती लांब आहे बघते."

मिलिंद उखडला. "अगं, वेडी आहेस का? व्हिसा कॉन्फरन्सचा आहे, कुणाच्या आईच्या थडग्याचा नाही. आपली ग्रीन कार्डची प्रोसेस चालू आहे. परत येताना एअरपोर्टवर ऑफिसरनं विचारलं, त्या खेड्यात काय करत होतीस, तर काय सांगशील?"

"सांगेन, माती बघायला गेले होते. खोटं नाही ना ते?"

"आई, तू तरी समजाव हिला."

मी काय समजावणार? मला त्याचीही काळजी कळत होती. त्या काळात आपल्या लोकांना त्या देशातून बाहेर पाऊल टाकायचं म्हटलं तरी धास्ती वाटायची, परत आत घेतील की नाही म्हणून. मी म्हटलं, "मिलिंद, एक दिवस जाऊ दे तिला. मी आहे ना काळजी करायला." हे बोलले आणि माझ्याच लक्षात आलं की मार्सेलताईंचं वारं मला लागलेलं आहे.

मार्सेलताईंनी अनघाची तयारी करून घेतली ती काय सांगू! नकाशा काढून द्यायला नाही म्हणाल्या. "कागद वाऱ्यानं उडतो. पायांना पाठ झालं पाहिजे." आपल्या स्वयंपाकघरातच गाव मांडलं. टेबल म्हणजे चौक, बेसिन म्हणजे चर्च, फ्रिज म्हणजे गिरणी, आणि जिन्याखालची अडगळ म्हणजे स्मशान. अनघाला चालायला लावायच्या. "चर्चच्या कुठल्या हाताला वळशील?" "लेफ्ट." "चूक! तिकडे खाटकाचं घर. त्याचा कुत्रा चावतो."

"आजी, तो कुत्रा साठ वर्षांपूर्वीचा आहे ना?"

"त्याची नातवंडं असतील."

म्हणाल्या, आधी दगड घासायचा, म्हणजे तो बेवारस दिसणार नाही, आणि मग कचेरीच्या दारात उभं राहायचं. दगडाला साबण लावायचा नाही, नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. आणि कुणाशीही बोलायच्या आधी 'बोंजूर मादाम' म्हणायचं. ते न म्हणता एकदम काही विचारलंस तर आमच्या गावात तुला कुणी पाणीसुद्धा देणार नाही. अनघा दोन आठवडे पोळ्या लाटताना मला बोंजूर मादाम करत होती. मी तिच्या बॅगेत चिवड्याचा पुडा घातला. तिनं ब्रश घातला.

ती तिकडे पोचली. कॉन्फरन्स झाली. ठरलेल्या दिवशी तिकडे दुपार, इकडे सकाळ. मी मार्सेलताईंकडे गेले तर त्यांनी ठेवणीतला निळा झगा घातलेला, ओठांना लिपस्टिक, गळ्यात मोत्यांची सर. पाहुणे यायचे असावेत तशा. फोन टेबलावर मध्यभागी. "तू घे," म्हणाल्या, "मी नाही घेणार."

फोन वाजला. "आई, मी चौकात उभी आहे," अनघा म्हणाली. आवाज इतका जवळचा की जणू पलीकडच्या खोलीतून बोलतेय. "कुणीच नाहीये. सगळ्या घरांच्या झडपा बंद. एक मांजर आहे फक्त."

मी इंग्रजीत सांगितलं. मार्सेलताई म्हणाल्या, "दुपारचं जेवण चाललं असेल. तिला म्हण, चर्चच्या उजवीकडून."

"उजवीकडूनच आलेय. गल्ली आहे. फरसबंदी आहे, गवत उगवलंय मधे. आई, धुण्याची जागा! अगं, आहे अजून. छप्पर पडलंय अर्धं, पण पाणी वाहतंय."

मी एकेक शब्द सांगत होते आणि मार्सेलताई डोळे मिटून बसल्या होत्या. टेबलाखाली त्यांचे पाय हलत होते. चालत होत्या त्या. "आता चढ लागेल," त्या म्हणाल्या, आणि पलीकडून अनघा धापा टाकत म्हणाली, "बाप रे, काय चढ आहे!" आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, होतंय सगळं नीट. आता ब्रश काढेल, दगड घासेल, संपली काळजी.

"फाटक उघडलं. आत आले. भिंतीच्या कडेनं तिसरी रांग... डावीकडे शाळामास्तरांचं कुटुंब, बरोबर? त्यांचं नाव आहे. आणि उजवीकडे एक गवंडी, दगडावर थापी आणि हातोडा कोरलाय."

"हो, हो! त्या दोघांच्या मधे!" मार्सेलताईंनी माझा दंड धरला.

पलीकडे तिची पावलं थांबली.

"अनघा? ऐकू येतंय ना?"

"आई," ती मराठीत, एकदम हळू आवाजात म्हणाली, "मधे काही नाहीये. नुसती खडी पसरलीय. दगड नाही, पाटी नाही, काही नाही. खडीवर गवतसुद्धा उगवलंय. हे आत्ता नाही झालेलं गं. बरेच महिने झालेत."

मार्सेलताईंना मराठी येत नव्हतं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि माझं तोंड मला आवरता येईना. क्षणभर मनात आलं, सांगावं की दगड आहे, अनघा घासतेय, स्वच्छ झाला. ऐंशी उलटलेली बाई, हृदय असलं. कोण जाणार आहे खरं बघायला? जिभेवर आलंसुद्धा. पण त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की त्या हातातूनच त्यांना कळलं असतं.

"ताई," मी म्हटलं, "जागा आहे. पण दगड नाही. काढलंय त्यांनी. आधीच."

त्यांनी हात सोडला. मला भीती वाटायला लागली. मी पाणी द्यायला उठले तर म्हणाल्या, "बस. तिला म्हण, कचेरीत जा. आणि तिथल्या बाईच्या हातात फोन दे."

मधली पंधरावीस मिनिटं आम्ही दोघी फोनकडे बघत बसलो. मग तो वाजला आणि या वेळी त्यांनी स्वतः उचलला. आता पाळी माझी होती. फ्रेंचमधलं मला एक अक्षर कळत नव्हतं, मी नुसती तोंडाकडे बघत होते. आणि काय सांगू, ती बाईच वेगळी होती! इंग्रजीत शब्द शोधत थांबत थांबत बोलणाऱ्या मार्सेलताई तिथं तरातरा, खणखणीत, हात उडवत बोलत होत्या. आवाज चढला. मग उतरला. मग नुसतं "वी... वी...", हो हो केल्यासारखं, चाललं. मग त्यांनी काहीतरी विचारलं, पलीकडून बाई एकेक नाव सांगायला लागली असावी, कारण मार्सेलताई एकेका नावाला मान डोलवत होत्या. आणि एका नावाला त्या थबकल्या. "लेओंतीन?" म्हणाल्या. पुन्हा विचारलं, "लेओंतीन?" आणि हसायलाच लागल्या. मला वाटलं, संपलं, डोकं फिरलं बाईचं.

फोनवर हात ठेवून मला म्हणाल्या, "पाटी लागलेल्या सगळ्यांनाच या वसंतात काढलंय. इव्होनच्या डोळ्यांना दिसत नाही, ती दोन वर्षं तिकडे गेलेलीच नाही, ऐकलेलं सांगत होती. सगळे एका तळघरात आहेत. आणि माझ्या आईच्या शेजारी गिरणीवाली लेओंतीन!" पुन्हा हसल्या. "गावाची एक भट्टी होती, पाळीपाळीनं पाव भाजायचे. लेओंतीननं एकदा माझ्या आईच्या पाळीला आपले पाव घातले. तीस वर्षं आई तिच्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसली की पलीकडून जायची. आता कुठं जाईल?"

आणि तिथंच हसण्याचं रडं झालं. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ इतकी लहान होती! रडताना त्या म्हणत होत्या, "मी विचारायला पाहिजे होतं. नुसतं विचारायला. ती रात्रंदिवस काळजी करायची आणि मी तिला बेवारस केलं. बेवारस लिहिलं होतं पाटीवर. मूल असून."

रडं ओसरायला बराच वेळ गेला, तरी फोन चालूच होता. आतून अनघाचा आवाज येत होता, "आई? आई, कुणी आहे का?" मी उचलला. तिला सगळं ऐकू गेलेलं असणार. ती म्हणाली, "आई, मी परत वर आलेय, स्मशानात. ऐक, त्यांना सांग. बाजूला एक नवीन खड्डा खणलाय, मी आत माती बघितली. ग्रॅनाइटची रेव आहे. खूप ॲसिडिक असते ही, आंबट. अशा मातीत हाडं राहत नाहीत गं. इतक्या वर्षांत विरघळून जातात. त्यांनी काढून नेलं असेल ते अगदी थोडं. बाकी सगळं इथंच आहे. मी काही मनाला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. हे माझं काम आहे."

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. "ताई, अनघा म्हणते, तुमची माती आंबट. हाडं खाऊन टाकते. तळघरात आई फार नाही. आई तिथंच. जमिनीत. तिला काढायला जमलंच नाही कुणाला."

मार्सेलताईंनी डोळे पुसले. "आंबटच होती," त्या म्हणाल्या. "गहू यायचाच नाही." मग म्हणाल्या, "खरं सांगतेय ना ती?"

"ती खोटं बोलत नाही. भांडते, पण खोटं बोलत नाही."

"तिला म्हण, ऊन असेल तर थोडा वेळ बस तिथं. आणि जेवलीय का विचार."

अनघा खडीशेजारी बसून चिवडा खाऊन आली. घासायला दगड नव्हता, म्हणून शाळामास्तरांचा घासला. एअरपोर्टवर तिला कुणी काही विचारलं नाही. घरी येईपर्यंत मिलिंद मात्र दर तासाला विमान कुठं पोचलं ते कॉम्प्युटरवर बघत होता.

त्यानंतर मार्सेलताई बदलल्या म्हणावं तर तसं काही नाही. इस्त्रीला हात लावणं चालूच राहिलं. पण मोठं काही असलं की लगेच विचारायला लागल्या. डॉक्टरला तोंडावर विचारलं, माझ्या हृदयाची किती वर्षं? रॉबर्टला विचारलं, मी गेल्यावर तू इथं येशील का? तो म्हणाला, खरं सांगू का मॉम, नेहमी नाही जमणार. त्या म्हणाल्या, ठीक आहे, आता कळलं. मला म्हणाल्या, "तुम्ही लोक जाळता ते बरं. जागाच नाही, तर काढणार कुणाला?" मी म्हटलं, "ताई, जागा नसली तरी मुलं लांब असायची ती असतातच."

२००८ साली मिलिंदला टेक्सासमध्ये, फ्रिस्कोला नोकरी लागली. सामानाचा ट्रक भरून निघाला, आणि आम्ही गाडीत बसायच्या आधी समोरच्या घरी गेलो. मार्सेलताई काठी घेऊन पायरीवर उभ्याच होत्या. आता त्या फार वाकल्या होत्या. मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. त्यांच्या पद्धतीनं दोन्ही गालांना गाल लावले, आणि माझ्या पद्धतीनं मी वाकून पाया पडले. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. पहिल्या वर्षी घेतले असते.

मग त्या अनघाकडे वळल्या. "एक विचारायचं राहिलं," म्हणाल्या. "टेकडीवर, वॉल्टरच्या शेजारी माझी जागा आहे. इथली माती कशी?"

अनघानं खरं तेच सांगितलं. "इथं खाली चुनखडी आहे, आजी. आंबट नाही. या मातीत पुष्कळ टिकतं."

मार्सेलताईंनी ओठ मुडपले, टेकडीकडे बघितलं, खांदे उडवले.

"म्हणजे मला इथं फार दिवस राहावं लागणार," त्या म्हणाल्या.